देसनिकाल्यातली सुपली

मित्रांनो, पहिली गोष्ट तुमच्या कानावर घालते. शहरात केर भरायच्या प्लास्टिकच्या वस्तूला सुपली म्हणतात ना, ती मी नव्हे. तिचं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी बांबूची आहे, तांदूळ पाखडणारी, लोहगडवाडीतल्या रतनबाईच्या घरातली. आता जुनी झालेय. माझा उजवा कोपरा उंदरानं कुरतडलाय आणि तिथं लाल चिंधीची गाठ आहे. स्वभावाचं विचाराल तर मी पक्की जळकुकडी. खोटं कशाला बोलू? जी गोष्ट सांगायला बसलेय ती माझ्या जळण्याचीच आहे.

कामशेतच्या बाजारात अंबाजी बुरुडानं मला विणलं. ओला बांबू चिरून त्यानं बारीक पट्ट्या काढल्या, उभ्या-आडव्या घातल्या आणि माझ्या कडेला जाड काठ बांधला. त्याच्याकडे दहा-बारा सुपल्या मांडलेल्या होत्या. रतनबाई आली, एकेकीला उन्हात धरून बघत गेली आणि माझ्यापाशी थांबली. माझ्यातून तिला उन्हाचा एक कवडसाही दिसला नाही. "ही घेते," ती म्हणाली. बाकीच्या सुपल्यांची तोंडं मी तेव्हाच बघून घेतली होती.

ते माझे सोन्याचे दिवस. इंद्रायणीचा तांदूळ गिरणीतून आला की रतनबाई मला मांडीवर घ्यायची. फट-फट, फट-फट. फोलपट पुढं उडायचं, कणी कडेला जायची, दाणा माझ्या पोटाशी राहायचा. लग्नघरच्या बाया मला मागायला यायच्या. रतनबाई म्हणायची, "म्हस मागा, देते. सुपली मागू नगा." हे ऐकून मला खुंटीवर बसल्या बसल्या गुदगुल्या व्हायच्या. शेजारची चाळण मेली हिरवीनिळी व्हायची.

मग घरात सून आली. तिचं नाव हिरी. पहिल्या दिवशी तिनं मला असं काही उडवलं, की निम्मा तांदूळ अंगणात. कोंबड्यांची दिवाळी झाली. रतनबाई हसून हसून खाली बसली. मग तिनं सुनेच्या मनगटाला हात घालून शिकवलं, आणि महिन्याभरात हिरीचा हात तिच्यापेक्षा हलका झाला. किल्ल्याच्या पायथ्याला त्यांची पिठलं-भाकरीची टपरी आहे. दुपारी गर्दी ओसरली की हिरी घरी यायची, उंबऱ्यात बसायची आणि मला मांडीवर घ्यायची. ती मांडी माझी होती, मित्रांनो. उंदरानं माझा कोपरा खाल्ला तेव्हा रतनबाईनं आपल्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी फाडून गाठ मारली. कोपरा सैल झाला, त्यातून दाणे निसटायचे, तरी मला कुणी खुंटीवरून हलवलं नाही.

आणि मग ते आलं.

हिरीचा नवरा नवसू भुशीला एका बंगल्यात माळीकाम करतो. तो बंगला विकला गेला. जाताना मालकीणबाईंनी जुनं सामान वाटलं. नवसूनं एक जाडजूड पुस्तक उचललं. हिरी नववीपर्यंत शिकलेली, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलेली, सगळ्या विषयांत सुटलेली आणि इंग्रजीत दोनदा आपटलेली. बायकोला उपयोगी पडेल म्हणून बिचाऱ्यानं ते लोणावळ्याहून मळवलीपर्यंत आणि तिथून चढावर चालत आणलं. त्याला स्वतःला फारसं वाचता येत नाही. एका बाजूला इंग्रजी दिसलं, म्हणजे दुसऱ्या बाजूला मराठी असणार, असं त्यानं धरून चाललं.

हिरीनं उघडलं तर शब्दकोशच होता, पण दुसऱ्या बाजूला उर्दू.

मी खुंटीवरून बघत होते. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पुठ्ठा नाही, पानांना कुबट वास, आणि घरात कुणाला वाचता येत नाही असली अक्षरं. मी म्हटलं, बरं झालं, आता हे चुलीत जाईल. पण हिरीनं त्याला पदरानं पुसलं.

तुम्ही म्हणाल, मोबाईलवर शब्द बघायचे. घरात मोबाईल एकच, तो सकाळीच नवसूच्या खिशातून भुशीला जातो. आणि हिरीला घाई होती. गावच्या समितीनं ठरवलं होतं, की गड दाखवायला वाडीतलीच माणसं गाइड म्हणून नेमायची, पण दहावी पास पाहिजे. गडाची वाट न् वाट हिरीला पाठ. कुठल्या टाक्याचं पाणी गोड, कुठल्या पायरीवर शेवाळ, सगळं ठाऊक. अडत होतं ते इंग्रजीपाशी. रतनबाईनं बजावलं होतं, "हे बघ, औंदा शेवटचं. न्हाई सुटलीस तर पुस्तकं बंद, गपगुमान टपरी संभाळायची." हिरी नुसती "व्हय" म्हणाली होती.

तिला तोड सापडली ती जब्बारभाईंमुळे. जब्बारभाई लोणावळ्याचे गादीवाले. हल्ली वाडीत मुक्कामी पाहुणे येतात, त्यांच्यासाठी घरोघरी गाद्या लागतात, म्हणून ते कापूस पिंजायला आठ-आठ दिवस इथंच असायचे. त्यांना उर्दू येत होतं, इंग्रजी नाही. हिरीला इंग्रजी अक्षरं लागत होती, उर्दू नाही. दोघं मिळून एक शब्द पुरा करायचे. हिरी इंग्रजी वाचायची, जब्बारभाई उर्दू वाचून त्याचा अर्थ आपल्या हिंदी-मराठीत सांगायचे, आणि हिरी पेन्सिलीनं समासात मराठी लिहायची. दहा शब्दांना एक भाकरी आणि ठेचा, असं ठरलं होतं. श्रावणात ए सुरू झालं, दसऱ्याला डी संपलं.

आणि हे सगळं कुठं? तर उंबऱ्यात, त्याच मांडीवर.

मी खुंटीवर वाळत होते. रेशनचा तांदूळ घरात आलेला, तो हिरी घाईघाईनं ताटातच निवडायची. माझ्याकडं बघायची नाही. पुस्तकाला मात्र बोटाला थुंकी लावून पान उलटणं काय, जेवताना शेजारी घेणं काय! काय होतं त्याच्यात? एक दाणा तरी पाखडला होता का त्यानं? त्याला मूठभर कोंडा तरी उडवता येतो का? मला भूकबिक लागत नाही, पण त्या दिवसांत माझं पोट रिकामं होतं आणि ते मला फार लागलं. मी देवाजवळ एकच मागत होते. ह्या मेल्याचं वाटोळं होऊ दे.

देवानं ऐकलं. फक्त माझ्यासकट ऐकलं.

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला पहाटे घरातली इडा-पिडा बाहेर काढतात. घरधनीण सगळा केर, झिजलेला केरसुणीचा बुडखा, फुटक्या पणत्या, असं सगळं एका जुन्या सुपात नाहीतर टोपलीत भरते, वर दिवा ठेवते आणि गावच्या शिवेवर नेऊन टाकते. सुपासकट. जाताना तिला कुणी हाक मारायची नाही, नाहीतर पिडा पुन्हा घरात येते. टाकल्यावर तिनं मागं वळून बघायचं नाही. आणि शिवेवर टाकलेली वस्तू कुणी घरात आणायची नाही.

दर वर्षी रतनबाई एखादी फुटकी टोपली काढायची. त्या पाडव्याला तिचा हात वर आला तो थेट माझ्या खुंटीकडं. मला आधी वाटलं, सणाचे तांदूळ पाखडायचे असतील. तिनं मला खाली ठेवलं आणि माझ्यात केर ओतला. केर! इतकी वर्षं जिच्या पोटाशी तुम्ही अन्न ठेवलंत, तिच्यात केर! मग ती कोपऱ्यात वाकली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पणतीचा उजेड अंधुक. तिथं जुनी कॅलेंडरं, तुटकी चप्पल आणि बिनपुठ्ठ्याचं ते पुस्तक एकत्र पडलेलं. तिनं सगळं एका कवेत उचललं आणि माझ्यात टाकलं.

पुस्तक माझ्या उजव्या कोपऱ्यावर आलं. त्याच सैल कोपऱ्यावर. रतनबाईनं मला डोक्यावर घेतलं तेव्हा ते घसरायला लागलं. अजून चार पावलं गेली असती तर अंगणातच पडलं असतं, आणि कुणाच्यातरी नजरेस पडलं असतं. माझी एक काडी त्याच्या शिवणीत अडकली. अडकली म्हणतेय खरी. मी अडकवली, मित्रांनो. ज्या कोपऱ्यातून इतके दिवस दाणे सांडले, तो कोपरा मी त्या पहाटे घट्ट आवळून धरला. जायचं तर दोघांनी जाऊ, पण तू त्या मांडीवर राहणार नाहीस, असं मी मनात म्हणत होते.

हिरी हंडा घेऊन नळावरून येत होती. तिनं सासूच्या डोक्यावर मला बघितलं, आणि माझ्या काठावरून बाहेर आलेली पानंही बघितली. तिचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाक मारायची नसते. मागच्या साली त्यांची म्हैस अचानक गेली होती, रतनबाईनं तेव्हापासून इडा-पिडेचा किती धसका घेतला होता हे हिरीला ठाऊक होतं. तिनं हंडा खाली ठेवला आणि अनवाणी, आवाज न करता, आमच्या मागून चालत राहिली.

गायमुख खिंडीकडं जाणाऱ्या वाटेवर एक उंबर आहे. त्याच्याखाली शेंदूर फासलेला धोंडा, ती आमची शीव. रतनबाईनं मला तिथं पालथं केलं, "इडा-पिडा जावो" म्हणाली, आणि वळली. मागं बघितलं नाही. समोर हिरी उभी.

"आत्या, त्यात माजं पुस्तक हाय."

रतनबाईनं विचारलं, "कंचं?"

"इंग्रजीचं. समदं लिवलेलं हाय त्यात. ए ते डी."

"आगं माजे बाई!" रतनबाईनं कपाळावर हात मारला. "मला कुटं दिसतंय गं! मला वाटलं रद्दी." मग हळू आवाजात म्हणाली, "पर आता हितलं घरात न्यायचं न्हाई. म्हशीचं इसरलीस का? मी तुज्या पाया पडते, हिरे, पर घरात नगं."

मला वाटलं, झालं. आता दोघी जातील आणि पुस्तक दहिवरात कुजेल. मी तर बांबूची, मी टिकेन.

हिरीनं खाली बसून मला सरळ केलं, पुस्तक सोडवलं, झटकलं. मग म्हणाली, "घरात न्हाई आणत. मी हितं येऊन वाचंन."

आणि तिनं तसंच केलं. टपरीचं काम उरकून रोज दुपारी ती उंबराखाली यायची, धोंड्याला टेकून बसायची, ऊन उतरेपर्यंत वाचायची. जाताना पुस्तक दोन दगडांवर ठेवायची, आणि त्यावर दहिवर पडू नये म्हणून मला पालथी घालायची. वरून एक धोंडा.

बघा माझं नशीब! ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्यालाच पोटाखाली घेऊन बसायची पाळी. रात्रभर माझी पाठ भिजायची आणि ते आत कोरडंठाक. सकाळी माकडं यायची, एखादी गाय येऊन हुंगायची, सगळ्यांच्या लाथा मी खायच्या. हिरी आली की मला बाजूला सारायची आणि त्याला उचलायची. माझ्याकडं बघायचीच नाही असं नाही. एकदा तिनं माझ्यावरची मुंगळ्यांची रांग झटकली होती. ते मी अजून धरून आहे.

दिवाळीनंतर जब्बारभाई पुन्हा वाडीत आले आणि विचारत विचारत उंबरापर्यंत पोहोचले. "भाभी, घर सोडून इथं कुठं?"

हिरीनं पाडव्याची हकीकत सांगितली. ते हसले नाहीत. मांडी घालून बसले आणि म्हणाले, "चला, कुठला शब्द?"

हिरीनं बोट ठेवून अक्षरं लावली. "ई, एक्स, आय, एल, ई. एक्झाइल."

जब्बारभाईंनी पान डोळ्यांजवळ नेलं. "जलावतन," ते म्हणाले. "दुसरा लिहिलाय, देस-निकाला. अजून एक हाय, शहर-बदर."

"म्हंजी गाव सोडून गेलेला?"

"नाही, भाभी. मी पण गाव सोडून फिरतो. आज इथं, उद्या वराळ्याला. पण मला एक्झाइल नाही म्हणणार. मी केव्हा पण घरी जाईन, माझी बायको दार उघडेल." त्यांनी कापसाचा एक तंतू बाहीवरून काढला. "देस-निकाला म्हणजे घर हाय, वाट माहीत हाय, समोर दिसतंय पण. फक्त जायचं नाही. कुणी तरी सांगितलंय, जायचं नाही."

हिरीनं मान वर केली. उंबराखालून वाडी दिसते, त्यांच्या घराचा पत्रा दिसतो, दाराचा उंबरासुद्धा दिसतो. मग तिनं माझ्याकडं बघितलं. चांगलं बघितलं, पाडव्यानंतर पहिल्यांदा. "मंग ही सुपली एक्झाइल," ती म्हणाली, आणि समासात काहीतरी लिहिलं.

मित्रांनो, तोपर्यंत मी जळत होते, चिडत होते, पण मला झालंय काय याला नाव नव्हतं. त्या दिवशी नाव मिळालं. आणि ते कुठून मिळालं, तर त्याच पुस्तकातून! मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं, की काय सांगू. मी त्याला घराबाहेर काढायला कोपरा आवळला होता. त्याला तरी दुसरं घर कुठं होतं? ज्या बंगल्यात ते वाढलं तो विकला गेला होता. माझं एक घर सुटलं, त्याची दोन सुटली. त्या रात्रीपासून मी त्याच्यावर जरा नीट बसले. हेवा गेला असं समजू नका. हिरीचं बोट त्याच्या ओळीवरून फिरताना बघितलं की माझ्या काड्या अजून कुरकुरायच्या. पण दहिवराचा मात्र एक थेंबही मी आत जाऊ दिला नाही.

मार्चमध्ये हिरी परीक्षेला गेली. मी उंबराखाली बसून वाट बघत होते आणि मला कळेना, मी कशाची वाट बघतेय. ती नापास झाली तर पुस्तक बंद, तांदूळ पुन्हा माझ्याकडं. किती दिवस मी हेच मागत होते. पण पेपराच्या आदल्या दिवशी तेच ते पान चार-चारदा उलटताना मी तिला बघितलं होतं. मला तिचं वाईट चिंतवेना.

निकाल मे महिन्यात लागला. मला कळला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, दोघी सासू-सुना वाटेनं येताना दिसल्या तेव्हा. रतनबाईच्या हातात हळदी-कुंकवाची कोयरी होती. मी समजले, पुस्तकाला न्यायला आल्यात.

हिरीनं धोंडा उचलला, मला बाजूला ठेवलं. रतनबाईनं चाचपडत पुस्तकाला कुंकू लावलं. "अडतीस मार्क पाडलेस रं बाबा," ती पुस्तकालाच म्हणाली. "मी तुला पिडा म्हनले. आता घरी चल." मग सुनेला विचारलं, "ह्यातलं काय काय आलं गं पेपरात?"

"मी पाठ केलेलं लय थोडं आलं. एक्झाइल तर आलाच न्हाई," हिरी म्हणाली. "पर एक होतं, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूविषयी लिवा. त्यात मीच घातला."

"काय लिवलंस?"

"आमच्या सुपलीनं वीस वरसं आमाला साफ तांदूळ खायला घातला. आता ती एक्झाइलमदी हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी तिला घर दिसतंय, पर तिनं यायचं न्हाई."

रतनबाईनं खाली वाकून हात फिरवायला सुरुवात केली. गवतावर, दगडावर, मग माझ्यावर. तिची बोटं माझ्या काठावरून सरकत उजव्या कोपऱ्यापर्यंत आली आणि लाल चिंधीच्या गाठीवर थांबली. तिचीच गाठ, तिच्याच लुगड्याची.

"ही?" तिनं गाठ पुन्हा चाचपली. "आगं, ही टाकली व्हय म्या? अंधारात मला वाटलं, एखादी फुटकी टोपली हाय. कुणी सांगितलं का न्हाई मला?"

"हाक मारायची नसती ना, आत्या."

रतनबाई तिथंच खाली बसली. मला मांडीवर घेतलं आणि पदरानं पुसत राहिली. मग पुस्तक माझ्यात ठेवलं, आणि जसं पाडव्याला नेलं होतं तसंच मला डोक्यावर घेतलं. ह्या वेळी तोंड घराकडं होतं. पुस्तक माझ्या सैल कोपऱ्याकडं घसरलं. मी पुन्हा तो आवळून धरला. कशासाठी, ते तुम्ही ओळखा.

आता हिरी गडावर लोकांना घेऊन जाते, आणि घरी आली की बारावीचं वाचते. तिची पुस्तकं माझ्यात असतात, सगळ्यांत खाली ते बिनपुठ्ठ्याचं. तांदूळ मी आता पाखडत नाही. त्याला एक निळी प्लास्टिकची सुपली आणलीय, ती माझ्या खुंटीवर लटकते आणि दुपारी हिरीच्या मांडीवर जाते. तिच्याकडं बघून माझं काय होतं ते विचारू नका.

मित्रांनो, जुनं झालं की काढून टाकावंच लागतं, घर काही गोदाम नव्हे. पण टाकायला नेताना एकदा खाली ठेवा, हात फिरवून बघा, कुठं तुमच्याच हातची गाठ लागतेय का. आणि टाकल्यावर मागं वळून बघा. वळून बघितल्यानं पिडा घरात येत नाही, मी शिवेवर सहा महिने राहून आलेय, मला ठाऊक आहे.

आणि कधी लोहगडाला आलात आणि हिरी गाइड म्हणून भेटली, तर तिला एवढं सांगू नका, की पाडव्याच्या पहाटे ते पुस्तक अंगणात का पडलं नाही. एकदा देसनिकाला भोगून झालाय माझा. पुन्हा नको.